टोपी काढायची जागा

बाकावरची पाटी मर्डो गिलँडर्सने स्वतःच्या हातांनी बसवली. गुरुवारी दुपारी, एकटा जाऊन. चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू. त्याने आयुष्यभर रस्त्यांच्या खात्यात काम केलं होतं. हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकणारी गाडी चालवायची, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे. त्यामुळे हत्यारं घरचीच होती. काम वीस मिनिटांचं, पण त्याला तासभर लागला. प्रत्येक स्क्रू पिळून झाला की तो चार पावलं मागे जाऊन बघत होता.

बाक गावच्या मंडळाने दिला होता. लोख आर्डिन या तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेंढ्यांच्या पडक्या कोंडवाड्यापाशी. आधी तिथे बाक नव्हता, एक सपाट दगड होता. त्या दगडावर मर्डो आणि त्याची बायको एफी एकोणचाळीस वर्षं बसत आले होते. दर रविवारी सकाळी निघायचं, पाणी उजव्या हाताला ठेवून चालायचं, अर्ध्या वाटेवर या दगडावर बसून चीज आणि लोणच्याचं सँडविच खायचं, फ्लास्कमधला चहा प्यायचा आणि उरलेला फेरा पुरा करून गाडीपाशी यायचं. मुलगी रोना लहान असताना ती खांद्यावर असायची, मग पुढे पळायला लागली, मग यायची बंद झाली. फेरा कधी दुसऱ्या एखाद्या लोखला असायचा, कधी डोंगराच्या पायथ्याला. पण महिन्यातून दोनदा तरी आर्डिन ठरलेलं.

एफी जानेवारीत गेली. तिला तिच्या बेटावर, लुइसला, आईवडिलांच्या शेजारी पुरलं. तशी तिची इच्छाच होती आणि मर्डोने ती मोडली नाही. पण त्यामुळे असं झालं की कबर समुद्रापलीकडे, बोटीने अडीच तासांवर, आणि मर्डोपाशी तिचं म्हणून काही उरलं नाही. कपडे होते, बूट होते, फिरण्याच्या वह्या होत्या. बसून दोन मिनिटं टोपी काढावी अशी जागा नव्हती. म्हणून बाक.

पाटीवर एफीचं नाव होतं आणि त्याखाली गेलिक भाषेतली एक ओळ. हा मो खासन गोर्श्ट.

मर्डोला गेलिक येत नव्हती. तो पूर्व किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या गावचा. त्याच्या घरात कुणाच्याच तोंडी ती भाषा नव्हती. एफीने रोनालाही ती शिकवली नाही. घरात तीन माणसं, त्यातल्या एकाला येत नाही, मग कशाला त्याला एकटं पाडायचं, असं ती म्हणायची. ही एक ओळ मात्र मर्डोला पाठ होती, कारण ती त्याने हजारदा ऐकली होती.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारची गोष्ट. शनिवारी मर्डोची गाडीवर ड्यूटी असायची, सुट्टी एकच, रविवारची. एफीच्या बेटावर रविवार म्हणजे देवाचा वार. बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवायचे. दोरीवर एक टॉवेल दिसता कामा नये. चालायचं ते चर्चपर्यंत आणि परत. मर्डोने तिला सहज विचारलं, "लोखला येतेस?" ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. मग तिने बूट घातले. तीन मैल चालून ती त्या दगडावर बसली, पाण्याकडे बघितलं, मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "हा मो खासन गोर्श्ट."

चर्च बुडवून आली आहे बिचारी, म्हणून इथे देवाचं नाव घेतेय, असं मर्डोला वाटलं. त्याने टोपी काढली, मान खाली घातली आणि म्हणाला, "आमेन."

एफीने त्याच्याकडे बघितलं आणि झटकन तोंड पाण्याकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं समजून त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हापासून ती बसली की ओळ म्हणायची आणि तो टोपी काढून आमेन म्हणायचा. त्याने अर्थ कधी विचारला नाही. देवाधर्माच्या गोष्टी दुसऱ्याला विचारू नयेत, सांगितल्या तर ऐकाव्यात, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. एफी गेल्यावर त्याने तिच्या वह्या उघडल्या. तारीख, हवा, किती मैल, हे इंग्रजीत आणि त्याखाली गेलिक. बहुतेक पानांवर सुरुवातीला तीच ओळ. अक्षरं बघून उच्चार करत गेला तेव्हा त्याला ती ओळखू आली. बाकीच्या ओळी त्याने बायबलमधली वचनं समजून सोडून दिल्या. ओळ एका कागदावर अक्षर न अक्षर उतरवून त्याने इन्व्हर्नेसमध्ये बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात दिली. किल्ल्या करणं, पाट्या कोरणं, सगळं तोच माणूस करायचा. त्यालाही गेलिक येत नव्हती.

आता राहिली पेगी. पेगी म्हणजे एफीची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. लग्न न केलेली, बेट न सोडलेली. आठवड्यातून दोनदा चर्चला जाणारी. एफी रविवारी भटकायला लागली हे कळल्यावर तिने मर्डोला एकच वाक्य ऐकवलं होतं: "तू माझ्या बहिणीचा रविवार घेतलास." त्यानंतर चाळीस वर्षं ती त्याच्याशी नीट वागली, पण तेवढंच. दफनाच्या दिवशी तिने सगळ्यांना चहा दिला, मर्डोला सर्वांत शेवटी. कप हातात देताना म्हणाली, "ती आता कुठे असेल, मला सांगता येत नाही, मर्डो."

हे वाक्य मर्डो बेटावरून परत घेऊन आला आणि आठ महिने ते त्याच्याबरोबर घरात राहिलं. त्याचा स्वतःचा देवाशी फारसा संबंध नव्हता. पण एफी वाईट ठिकाणी असेल असं कुणाला वाटावं, आणि तेही तिच्या सख्ख्या बहिणीला, हे त्याला सहन होत नव्हतं. पेगीला ती पाटी दाखवायची. वह्या दाखवायच्या. बघ, तिने रविवार सोडला नव्हता, ती दर रविवारी इथे बसून प्रार्थना करत होती. त्याने पत्र लिहिलं, "शनिवारी एक गोष्ट दाखवायची आहे. ये." पेगी शुक्रवारच्या बोटीने आली. का, ते तिने विचारलं नाही.

शनिवारी सकाळी रोनाही आली. गाडी मर्डोने चालवली, पेगी पुढे बसली. मागे रोना आणि तिच्या मांडीवर सँडविचचा डबा, फ्लास्क, वड्यांचा डबा. वड्या पेगीने आणल्या होत्या, दूध-साखर आटवून केलेल्या, एफी करायची तशाच, पण जरा जास्त कडक.

गाडी लावायच्या जागी उतरल्यावर मर्डोने डिकीतून एफीचे बूट काढले.

"पेगी, हे घालतेस का? तुझ्या मापाचे होतील."

पेगीने स्वतःच्या पायांकडे बघितलं. "हे काय आहे मग? हे बूट नाहीत?"

"मावशी, ते चर्चचे आहेत," रोना म्हणाली.

"चर्चला चालतात, मग तळ्याला चालायला काय धाड भरलीय?"

मर्डोने बूट निमूटपणे पाठीवरच्या पिशवीत टाकले. सप्टेंबर संपत आला होता. चिलटं जवळजवळ गेली होती, नेचे तांबूस व्हायला लागले होते. वाट ओली होती. मर्डो सवयीप्रमाणे पुढे निघाला आणि सवयीप्रमाणे पाच मिनिटांत शंभर पावलं पुढे गेला.

"बाबा!" मागून रोना ओरडली. "मिठाची गाडी चालवत नाहीयेस तू! मावशी आहे बरोबर!"

तो थांबला. दोघी जवळ आल्या.

"हा असाच चालायचा का तिच्याबरोबर?" पेगीने रोनाला विचारलं. मर्डो जणू तिथे नाहीच.

"तिच्याबरोबर कुठला? तिच्यापुढे. आई म्हणायची, याच्या तोंडापेक्षा याची पाठ माझ्या जास्त ओळखीची आहे."

"म्हणायची खरी," मर्डो म्हणाला.

"आणि तू काय म्हणायचास?"

"थांबलं की पाय गार पडतात म्हणायचो."

पेगीने नुसता हुंकार दिला. मर्डो त्यानंतर हळू चालला, पण त्याला ते जमत नव्हतं. पायांना काय करावं कळत नव्हतं. दोन मैलांवर पेगी थांबायला लागली. थांबायची आणि उगाच एखाद्या झाडाकडे किंवा पलीकडच्या मेंढ्यांकडे बघितल्यासारखं करायची. रोनाने हात पुढे केला तर म्हणाली, "मी मेंढ्या बघतेय. आमच्याकडच्यांपेक्षा मरतुकड्या आहेत."

बाक दिसला तेव्हा मर्डो वाटेच्या कडेला झाला. त्याने ठरवून पेगीला पुढे जाऊ दिलं. पेगी बाकापाशी गेली. पर्समधून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून वाचायला लागली. वाचून झालं तरी ती वाकलेलीच राहिली.

"मोठ्याने वाच ना," मर्डो म्हणाला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

पेगीने वाचलं. "एफी गिलँडर्स. हा मो खासन गोर्श्ट."

"आमेन," मर्डो म्हणाला.

पेगी सरळ झाली. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं.

"मर्डो, हे तुला कुणी लिहून दिलं?"

"कुणी नाही. तिच्याच वह्यांमधून घेतलं. दर रविवारी म्हणायची. इथे येऊन बसली रे बसली की पहिल्यांदा हेच." त्याने जे पाठ करून ठेवलं होतं ते आता बोलायला घेतलं. "मला तुला हेच दाखवायचं होतं, पेगी. तू त्या दिवशी म्हणालीस ना. तर तिने देवाला सोडलं नव्हतं. एकही रविवार असा गेला नाही की तिने ही प्रार्थना..."

"प्रार्थना?"

"हो."

"ही?"

"मग काय आहे?"

पेगीने चष्मा काढला. तिच्या ओठांचं काहीतरी चाललं होतं, ते तिला आवरत नव्हतं. "अरे बाबा," ती म्हणाली, "याचा अर्थ, माझे पाय दुखतायत."

 रोना फस्सकन हसली. हातातला फ्लास्क खाली ठेवून, पोट धरून हसली. "पाय दुखतायत! बाबा, तू पितळेवर कोरून घेतलंस, पाय दुखतायत! आणि तेही बूट दुरुस्त करणाऱ्याकडून!"

"त्याला तरी कळायला हवं होतं," पेगी म्हणाली आणि तिलाही हसू फुटलं.

मग रोनाने बापाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. मर्डोने टोपी परत डोक्यावर घातली होती. पाठीवरची पिशवी उतरवून तो तिच्यात काही तरी शोधत होता. पेचकस सापडला. तो बाकापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि डाव्या कोपऱ्यातला वरचा स्क्रू उलटा फिरवायला लागला.

"बाबा, काय करतोयस?"

"काढतोय."

"अरे, राहू दे. आईला आवडलं असतं. लोक वाचतील, हसतील, काय बिघडलं?"

"लोकांचं मला काही नाही."

"मग?"

मर्डोने हात थांबवला नाही. "ती मला सांगत होती, पाय दुखतायत. आणि मी काय करत होतो? टोपी काढून आमेन म्हणत होतो." स्क्रू सैल झाला. "आणि मग उठवून पुढचे तीन मैल चालवत होतो. एकोणचाळीस वर्षं. दुसरी असती तर इंग्रजीत बोंबलली असती."

स्क्रू निघाला. तो त्याने बाकाच्या फळीवर ठेवला. तो घरंगळला आणि खाली हीदरच्या झुडपात पडला. मर्डोने तिकडे बघितलंही नाही. दुसरा स्क्रू घेतला.

 रोना मावशीकडे बघायला लागली. पेगी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिने मर्डोच्या उघड्या पिशवीतून वह्या बाहेर काढल्या. दोन होत्या. सगळ्यांत पहिली आणि सगळ्यांत शेवटची. तिला दाखवायला म्हणून त्याने त्याच दोन आणल्या होत्या. तिने पहिली उघडली, चष्मा परत लावला.

"यात बाकीचं काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"वचनं आहेत. बायबलमधली."

"असं?" पेगी म्हणाली. "वाचू का?"

 पेगीने वाचायला सुरुवात केली. आधी मनात गेलिकमध्ये वाचायची, मग त्यांच्यासाठी सांगायची.

"'पाय दुखतायत. म्हाताऱ्याने टोपी काढली.'" तिने पान उलटलं. "'पाय दुखतायत. म्हाताऱ्याने परत टोपी काढली. आता याला सांगायचं कसं?'" आणखी एक पान. "'पाय दुखतायत. सांगणार नाही. टोपी काढल्यावर त्याचे केस उभे राहतात. बघायला बरं वाटतं.'"

मर्डोचा हात थांबला. "म्हातारा कोण?"

"'बोडाख.' इथे लिहिलंय बघ. बोडाख म्हणजे म्हातारा. आमच्याकडे बायका नवऱ्याला म्हणतात."

"तो शब्द मी बघितला होता," मर्डो म्हणाला. "दर पानावर आहे. मला वाटलं, कुणी संदेष्टा असेल."

रोनाने तोंडावर हात दाबून धरला.

"संदेष्टा!" पेगी म्हणाली. "तू तेव्हा किती वर्षांचा होतास?"

"बत्तीस."

"बत्तिसाव्या वर्षी म्हातारा आणि संदेष्टा, दोन्ही." तिने पुढचं पान घेतलं. "हे ऐक. 'पाय दुखतायत. म्हातारा घराला आग लागल्यासारखा पुढे पळतो. एक दिवस इथूनच मागे फिरून घरी जाणार आहे, याला गाडीपाशी पोचल्यावर कळेल.'"

"ते तिने एकदा केलं होतं," मर्डो म्हणाला. "मी अर्धा तास शोधत होतो."

"बरं केलं."

मर्डो गुडघ्यांवरून उठला नव्हता. पाटीचे तीन स्क्रू शाबूत होते. तो पेचकसाचं टोक अंगठ्याने पुसत होता. म्हणजे त्या पहिल्या दिवशी खांदे हलत होते ते. रडत नव्हती ती. आणि त्याने पाठीवर हात ठेवला होता, थोपटलं होतं.

"पण दुखत होतेच ना," तो म्हणाला. "गंमत तर गंमत. दुखत होतेच. तिला यायचंच नसलं तर? मी विचारलं, ती आली. मी कधी विचारलं नाही, तुला यायचंय का. उठलो की बूट घालायचो."

 खोटा धीर द्यायची पेगीला सवय नव्हती. तिने पहिली वही मिटून शेवटची उघडली. ही गेल्या वर्षीची. मार्चपर्यंतच्या पानांवर मैल होते. मग मैल कमी होत गेले. ऑगस्टमध्ये एक मैल, अर्धा मैल. सप्टेंबरपासून हवा आणि तारीख लिहून पुढे इंग्रजीत नुसतं 'चालणं नाही'. मर्डोला ती पानं माहीत होती. तेव्हा एफी खिडकीपाशी खुर्चीत असायची आणि तो रविवारीही घरातच असायचा. एकदा ती म्हणाली, तू तरी जाऊन ये, आणि तो गेला नाही.

पेगीने एक पान मनात वाचलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

"काय आहे?" रोनाने विचारलं.

"एकच आहे सगळीकडे."

"काय?"

पेगीने वही जरा लांब धरली. "'पाय दुखत नाहीत. दिवस लांब.'" पान उलटलं. "'पाय दुखत नाहीत. दिवस लांब.'" पुढचं पान तिने मोठ्याने वाचलं नाही, फक्त बोट ठेवून मर्डोकडे वही केली. मर्डोला वाचता येत नव्हतं, पण ओळ तीच आहे एवढं दिसत होतं. नाताळापर्यंतच्या सगळ्या रविवारांवर होती. अक्षर शेवटी शेवटी वाकडं झालं होतं.

मर्डोने वही हातात घेतली. मग वही मिटून त्याने पेगीच्या मांडीवर ठेवली. पेचकस सरळ धरला आणि दुसरा स्क्रू, जो त्याने थोडा सैल केला होता, परत घट्ट पिळला.

"पहिला कुठे गेला?" तो म्हणाला.

रोना खाली वाकून हीदरमध्ये हात घालायला लागली. मर्डोही शोधू लागला. दोघांना सापडेना. पेगी वरून बघत होती.

"मर्डो," ती म्हणाली, "ही प्रार्थना नाही. मी तसं म्हणणार नाही."

"माहीत आहे."

"पण एक सांगते. आमच्या लहानपणी चर्च चार मैलांवर होतं. आई आम्हाला दोघींना चालत न्यायची, वाऱ्यात, पावसात, कशातही. बाकावर बसलो की आई पुटपुटायची. दर रविवारी. पाद्री उभा राहायच्या आधी, कुणी काही म्हणायच्या आधी. एफी माझ्या या बाजूला बसायची, आई त्या बाजूला." तिने पाटीकडे मान केली. "हेच म्हणायची. हा मो खासन गोर्श्ट. मग पुढचं सगळं सुरू व्हायचं."

मर्डो हीदरमधून हात न काढता ऐकत होता.

"मी विसरले होते," पेगी म्हणाली. "आत्ता तू टोपी काढून उभा होतास तेव्हा आठवलं."

"मग हसलीस का?"

"हसू आलं म्हणून." तिने चष्मा पर्समध्ये ठेवला. "दफनाच्या दिवशी मी तुला एक बोलले."

"बोललीस."

"ते मला ठरवायचं काम नव्हतं. बोलायला नको होतं."

"बरं," मर्डो म्हणाला.

एवढंच. दोघांनाही त्याहून जास्त बोलायची सवय नव्हती. रोनाने डबा उघडला. सँडविच वाटले, चहा ओतला. वडी चावताना मर्डोच्या दाढेत कळ आली, पण तो बोलला नाही. पेगीने मात्र ते बघितलं.

"कडक झाल्यात," ती म्हणाली. "एफीच्या मऊ व्हायच्या. तिला धीर नव्हता, लवकर उतरवायची."

चहा संपल्यावर पेगी खाली वाकली आणि चर्चचे बूट काढायला लागली. डावा निघाला, उजवा निघेना. रोनाने ओढून काढला. टाचेवर मोज्याला रक्त लागलं होतं. पेगीने दोन्ही पाय गवतावर ठेवले, पाठ टेकली, पाण्याकडे बघितलं आणि श्वास सोडून म्हणाली, "हा मो खासन गोर्श्ट."

मर्डोचा हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी निघालीही. मग त्याला कळलं. त्याचे केस उभे राहिले होते आणि वाऱ्यावर हलत होते.

पेगीने तोंड पाण्याकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

या वेळी मर्डोने पाठीवर हात ठेवला नाही. त्याने पिशवीतून एफीचे बूट काढले आणि पेगीच्या पायांपाशी ठेवले. पेगीने ते घातले. मापाचे झाले.

आज पूर्ण फेरा घालायचा नव्हता. आल्या वाटेनेच परत जायचं होतं. पेगी आणि रोना पुढे निघाल्या. मर्डो मागे थांबला. हीदरमध्ये एकदा शेवटचा हात फिरवून बघितला. स्क्रू मिळाला नाही. पाटी तीन स्क्रूंवर होती, पण हलत नव्हती. मग तो त्यांच्या मागून चालायला लागला. पुढे पेगीची पाठ होती, काळा कोट आणि खाली एफीचे बूट. पेगी थांबली की तो थांबत होता. पाय थोडे गार पडत होते.

गाडीपाशी आल्यावर रोना म्हणाली, "बाबा, चौथ्या स्क्रूचं काय? तसाच ठेवणारेस?"

"घरी आहेत तसले. येऊन बसवीन."

"कधी?"

मर्डोने गाडीचं दार उघडलं. "उद्या."

"उद्या रविवार आहे," रोना म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

पेगी पुढच्या सीटवर बसत होती. एक पाय आत घेतला, दुसरा घेतला, एफीचे बूट दाराच्या कडेवर आपटून चिखल झाडला. पट्टा लावला.

"आधी मला चर्चला सोड," ती म्हणाली. "आणि परत न्यायला वेळेवर ये. तिथे मला उभं राहायला लावू नकोस."